डाव्या बाजूची हवा

पुन्हा एप्रिल आला. आमच्या दारातल्या आंब्याला यंदा इतके आंबे लागलेत की झाडाला पानं आहेत की नाहीत हे दुर्बीण लावून बघावं लागतं.

हे वाक्य लिहून मी सवयीनं थांबलो. नलिनी इथं असती तर तिनं उजव्या हाताचा पंजा हवेत धरून हळूच खाली दाबला असता, रेडिओचा आवाज कमी करावा तसा. ‘कमी करा’ असा त्याचा अर्थ. मग मी कमी करायचो. तर, झाडाला पुष्कळ आंबे लागलेत. पानंही आहेत.

नलिनी माझी बायको. धारवाडच्या एका मराठी शाळेत तिनं एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि घरी छत्तीस वर्षं माझ्या बोलण्यातली शून्यं खोडली. मी पाहुण्यांना सांगत असे की आमच्या लहानपणी धारवाडला मे महिन्यात लोक स्वेटर घालून आमरस खायचे. पंजा खाली. बरं, स्वेटर नव्हे, पण पंखा लागत नसे. पंजा आणखी खाली. बरं, दुपारी लागायचा. एवढं झालं की ती समाधानानं चहा टाकायला उठायची. आमचा संसार म्हणजे माझी फुगवलेली आणि तिनं हवा काढून घडी घातलेली गोष्टच होती म्हणा. मला वाटायचं, हिला माझ्या गोष्टी आवडत नाहीत. आता कुणी पंजा दाबत नाही, तर गोष्ट कुठं संपवायची तेच कळत नाही.

माझी सगळ्यात मोठी थाप तारिहाळची. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी आयुष्यभर नोकरी केली. ‘कारखान्यात आहे’ एवढंच म्हणून मी गप्प बसायचो. समोरचा मला आपोआप इंजिनिअर करायचा. लग्नाच्या बोलणीत नलिनीच्या घरच्यांसमोर मी त्यात एक गोष्ट जोडली. कारखान्यातला हवा दाबायचा कॉम्प्रेसर, हत्तीएवढा, तीन दिवस बंद पडला होता. तीन इंजिनिअर कपाळाला हात लावून बसले होते. मी नुसता त्याच्या पोटाला कान लावला, एक बोल्ट अर्धा आटा पिळला आणि तो भूंऽऽ करून सुरू झाला. पुढं वर्षं गेली तसा हत्ती वाढत गेला, आणि इंजिनिअरांतला एक जर्मनीहून येऊ लागला.

खरं म्हणजे मी स्टोअरमध्ये कारकून होतो. बोल्ट मोजून द्यायचे, वहीत सही घ्यायची. तो कॉम्प्रेसर मी लांबून पाहिला होता.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला नलिनीच्या घशाचं दुखणं निघालं. नाव घ्यायला नको असं ते दुखणं. हुबळीच्या दवाखान्यात किरणं द्यायची ठरली. अठ्ठावीस वेळा, शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी अकराला. एप्रिल-मे. तिथल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन बजावलं, “काका, किरणांनी मानेची कातडी भाजल्यासारखी होणार. तिला घाम लागू द्यायचा नाही. घाम लागला की सोलवटते. येता-जाता काकू गार राहिल्या पाहिजेत.”

आणि आमच्या गाडीचा एसी त्याच आठवड्यात गेला. बटण दाबलं की इंजिनाकडून ‘टक्’ असा एक समजूतदार आवाज यायचा, तो गेला आणि त्या जागी खरडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. नलिनी म्हणाली, “चिगरीनं जाऊ या. आत छान गार असतं.” चिगरी म्हणजे धारवाड-हुबळी धावणारी आमची एसी बस. पण डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली होती. पहिला आठवडा आम्ही काचा खाली करून गेलो. मी गाडी चालवत होतो आणि ती मानेभोवती सुती फडकं धरून, हनुवटी वर करून, खिडकीतून येणारा वारा मोजत होती. उन्हाळ्याचा वारा कसला, चुलीपुढची धग ती.

हुबळीत कमरीपेठेत इराण्णाचं दुकान. गाड्यांच्या एसीचा माणूस, सडपातळ, कानावर पेन्सिल. त्याच्या दुकानापुढं त्या दिवसांत इतक्या गाड्या उभ्या असायच्या की रांगेचं शेपूट विजापूरला पोचलं होतं. बरं, कोपऱ्यावर. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं. “कॉम्प्रेसर मेला सर. नवा मागवतो, दोन दिवसांत येतो. पण बसवायला माझ्याकडं पंधरा दिवस हात रिकामा नाही री. अर्धा दिवस मोडतो त्यात. गॅस भरायचं काम असतं तर मधेच उरकलं असतं.”

घरी येऊन मी हे सांगितलं. नलिनी ओसरीवर खुर्चीत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “तारिहाळचा तो एवढा मोठा तुम्ही नीट केलात. हा तर नारळाएवढा.”

मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहरा गणिताच्या बाईंचा, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. छत्तीस वर्षांनी माझी थाप माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. “त्यात काय,” मी म्हणालो. “डाव्या हाताचं काम.”

दोन दिवसांनी इराण्णानं जुना गॅस मशीननं काढून घेतला, नवा कॉम्प्रेसर खोक्यातून काढून माझ्या हातात दिला. त्याच्या दोन तोंडांवर दोन काळी टोपणं होती. इराण्णा टोपणावर बोट ठेवून म्हणाला, “सर, हे शेवटपर्यंत तेगीबॅडरी. काढू नका. आतलं तेल हवेतली ओल पितं. पाइप जोडायच्या आधी एक मिनिट, तेव्हा काढायचं. मग गाडी आणा, मी आतली हवा ओढून गॅस भरतो.”

माझी थोरली बहीण, अक्का, नलिनीच्या आजारपणात मदतीला अळणावरहून येऊन राहिली होती. ती शुक्रवारी म्हणाली, “उद्या अक्षय तृतीया. आयता मुहूर्त आहे. पूजा करून मगच लाव.” मी कॉम्प्रेसर पाटावर ठेवला. अक्कानं हळद-कुंकू घेतलं आणि तिचा हात थांबला.

“हे काय, तोंडं बांधलीत की ह्याची.”

“टोपणं आहेत अक्का. काढायची नसतात.”

“तोंड बांधून नैवेद्य दाखवतात होय रे? काढ ती.”

आता एरवीचा मी असतो तर अक्काला आतल्या तेलावर तासभर भाषण दिलं असतं. मी देवाशीसुद्धा वाद घालणारा माणूस. पण त्या उन्हाळ्यात माझं सगळं अवसान गेलेलं होतं. रस्त्यात दिसेल त्या दगडाला मी हात जोडत होतो. आत खोलीत नलिनी पाणी गिळताना थांबत होती, पुन्हा प्रयत्न करत होती, आणि तो थांबल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. कुठल्याही देवाला नाराज करायची माझी टाप नव्हती. टोपणं मी काढली. अक्कानं नाही, मी. दोन्ही, माझ्या या हातांनी.

अक्कानं कुंकू लावलं, फुलानं तीर्थ शिंपडलं, नारळ फोडला तो अगदी त्याच्यावर धरून. बाहेर बसव जयंतीचे रंगवलेले बैल घुंगरं वाजवत चालले होते. पूजा केलेली वस्तू त्याच दिवशी हलवायची नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवायची. संध्याकाळी वळीव येऊन गेला, घरात कापूर आणि ओल्या मातीचा वास भरला, आणि देवांच्या शेजारी पाटावर तो नारळाएवढा कॉम्प्रेसर दोन्ही तोंडं उघडी टाकून दिवसभर, रात्रभर, ती हवा पीत बसला.

रविवारी मी गाडी आंब्याखाली घेतली. त्या दुपारी होतो तितका आनंदी मी त्या वर्षात कधीच नव्हतो, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. नलिनी खुर्ची टाकून सावलीत बसली, मोबाइलवर बघून एकेक पायरी वाचून दाखवायला. तेव्हा तिचा आवाज अजून होता, जरा खरखरीत.

“पहिली पायरी. बॅटरीची तार काढली का?”

“ती काय सांगायची गोष्ट आहे,” म्हणून मी गुपचूप जाऊन तार काढली.

“दुसरी. पट्टा सैल करा. इंजिनिअरसाहेब, उलटा फिरवताय.”

“तारिहाळला असाच फिरवायचो.”

“तारिहाळला तुम्ही बोल्ट मोजायचात.”

पाना माझ्या हातून सुटून इंजिनात खोल पडला. मी वाकून तो शोधत राहिलो, बराच वेळ, कारण मान वर करायची सोय नव्हती. “कधीपासून माहीत आहे?” मी इंजिनालाच विचारलं.

“लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुमच्या कारखान्यातल्या एका साहेबांची मुलगी माझ्या वर्गात होती.”

“मग परवा कशाला म्हणालीस, तुम्हीच बसवा म्हणून?”

तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. वर आंब्यात एक खार धावत होती. मग म्हणाली, “दवाखान्यातल्या बाकावर बसून तुम्ही माझ्याकडं ज्या नजरेनं बघता ना, तसं मला कुणी बघितलेलं आवडत नाही. बोल्टाकडं बघा. तिसरी पायरी.”

मी बोल्टाकडं बघितलं. चार बोल्ट. चौथा काढताना बोटांची सालं गेली आणि रक्त इतकं आलं की गाडी धुऊन निघाली असती. पंजा खाली. बरं, दोन थेंब. जुना कॉम्प्रेसर उतरला, नवा चढला, रबरी कड्या तिनं मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या, पाइप जोडले. पट्टा बसवून मी उभा राहिलो तेव्हा तिनं टाळी वाजवली नाही; फळ्यावरचं गणित बरोबर आलं की ती नुसती मान हलवायची, तशी हलवली. त्या कॉम्प्रेसरवर बाजूला कुंकवाचं एक बोट तसंच राहिलं होतं.

सोमवारी साडेनऊला आम्ही इराण्णाकडं. त्यानं माझी बसवणी वाकून बघितली, बोल्ट चाचपले. “झकास सर.” मग नळ्या जोडता जोडता सहज विचारलं, “टोपणं शेवटीच काढली नव्हं? उघडं राहिलं असलं तर ओल शोषणारी डबी बदलायची आणि दोन तास हवा ओढायची. नसलं तर अर्ध्या तासात सोडतो.”

दवाखान्यात अकराची वेळ. चुकली तर एक दिवस वाढणार. आणि नलिनी तिथं स्टुलावर बसली होती, कालची मान हलवणारी नलिनी. मी म्हणालो, “छे छे. शेवटच्या मिनिटाला काढली.”

आयुष्यात मी हत्तीएवढ्या थापा मारल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. ही एवढीशी होती.

गॅस भरला. बटण दाबल्यावर ‘टक्’ आलं. समोरच्या झरोक्यातून हवा आली ती अशी गार, की दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी नुसता हसत होतो. मी माझ्या बाजूचा झरोका बंद केला. मधले दोन डावीकडं वळवले. तिच्याकडचा पूर्ण उघडला. सगळी हवा तिला.

दुसऱ्या दिवशी धारवाडहून निघालो. रायापूरच्या अलीकडं नलिनीनं मागच्या सीटवरून शाल ओढून घेतली. तिच्या निरोपसमारंभात शाळेनं दिलेली, तपकिरी. किरणांच्या खोलीत गारठा असतो म्हणून गाडीत ठेवलेली असायची. ती तिनं मान सोडून खांद्याखाली लपेटली.

“काय झालं?”

“फार गार येतंय हो. तुमचं काम म्हणजे एकदम पक्कं.”

“कमी करू?”

“नको. राहू दे. बरं वाटतंय.”

मला घाम येत होता. येणारच, सगळी हवा तिला दिली होती. घाम गाळून बायकोला हिवाळा आणून देणारा माणूस म्हणून मी स्वतःवर इतका खूश होतो की नवानगरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला काच खाली करून सांगितलं असतं. पण गार हवा बाहेर जाईल म्हणून आवरलं.

दवाखान्यात बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना मात्र सांगितलं. मे महिन्यात बायको शाल घेऊन बसते गाडीत, मी बसवलेला एसी. लोक आपापली दुःखं मांडीवर घेऊन बसलेले, तेही हसायचे. तिसऱ्या आठवड्यात मी शालीची रजई केली. नवानगर आलं की हिचे दात वाजतात, म्हणालो. नलिनी शेजारीच होती. मी सवयीनं तिच्या हाताकडं बघितलं. पंजा तिनं उचलला नाही. उलट लोकांकडं बघून होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, थकली आहे. आवाज तर तोवर गेलाच होता. गाडीत मी ‘गार आहे ना?’ विचारायचो आणि ती शाल जरा वर ओढायची, हेच उत्तर.

एकदा सिस्टरनं तिची मान बघून विचारलं, “काकू, इथं फार सोलवटलंय. घाम लागतोय का?” नलिनीनं नाही म्हणून हात हलवला. मी पुढं होऊन म्हणालो, “शक्यच नाही. आमच्या गाडीत शाल लागते, शाल.”

हे वाक्य मी म्हणालो होतो. यात कमी करण्यासारखं काही नाही.

अठ्ठावीस पूर्ण झाली. जूनमध्ये जरा खाऊ लागली, एक दिवस आमरसाचे चार चमचे घेतले. श्रावणात गेली. अक्का महिनाभर राहून अळणावरला परतली. गाडी आंब्याखाली उभी राहिली. पुढं थंडी, मग कुठं जायचंच नव्हतं.

परवा, एप्रिल पुन्हा डोक्यावर आल्यावर, एसी लावला तर थोड्या वेळानं नुसतीच हवा येऊ लागली. इराण्णाकडं गेलो. तो म्हणाला, “मी चालवतो, तुम्ही इकडं बसा सर, बघू काय करतंय ते.” म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या गाडीत डावीकडं बसलो. झरोके अजून तसेच होते, सगळे त्या बाजूला वळवलेले. मी बंद केलेला माझा झरोका बंदच होता. शाल मागच्या सीटवर.

कमरीपेठेतून निघालो. तोंडावर झक्क गार हवा. विद्यानगरपर्यंत गार. उणकलचं तळं दिसू लागलं आणि हवा बदलली. आधी कोमट, मग गरम. तीन झरोक्यांतून एकदम, कपाळावर, डोळ्यांवर, गळ्यावर. मी हातानं गळा झाकला.

इराण्णा रस्त्याकडं बघत बोलत होता. “हे ओलीचं काम आहे सर. आत पाणी गेलंय. बारीक वाटेत त्याचा बर्फ होतो, वाट बंद. गाडी थांबली की वितळतो, मग पुन्हा धा मिनिटं गार. पहिल्यापासून असंच करत असणार की हे. टोपण काढून ठेवलं होतं काय?”

“काढलं होतं,” मी म्हणालो. “एक दिवस आणि एक रात्र.”

“अन् मला नाही म्हणालात.”

“हो.”

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, “पण मग गेला उन्हाळा बाईंनी कसा काढला री? धारवाडवरून रोज? पाऊण वाट गरमच आली असणार की.”

तेवीस दिवस. जाताना आणि येताना. तिच्या बाजूचा झरोका माझ्या हातापासून एक वीत लांब होता. एकदाही मी हात पुढं करून बघितला नाही. मला वाटायचं, गरज नाही. आता कधी कधी वाटतं, धीर नव्हता. छत्तीस वर्षं माझं एकेक शून्य खोडणाऱ्या बाईनं रायापूरपासून पुढं, भाजलेली मान ताठ धरून, मे महिन्यात अंगावर शाल ओढली होती, आणि मी ती गोष्ट दवाखानाभर वाटत फिरलो होतो.

मी मागं हात करून शाल घेतली. मांडीवर घेतली, खांद्यापर्यंत ओढली. लोकरीला अजून दवाखान्याचा वास होता. हवा गरम येतच होती. पाठीवरून घामाची धार उतरली. इराण्णानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा शालीकडं.

“सर, घाम फुटलाय तुम्हाला. काच खाली करू काय?”

“नको,” मी म्हणालो. “गार आहे.”